वसाहतींतल्या क्रांत्या पॅरिसमधून आल्या, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय: १७७६ ला अमेरिका, १७८९ ला फ्रान्स आणि तिथून स्वातंत्र्य-समतेचे विचार वसाहतींत गेले, असं आपण शाळेत शिकलो, मग इतिहासकार आता हा क्रम का मोडतायत, नुसती टूम आहे का? परीक्षेसाठी हवंय, असंही म्हटलंय.

टूम नाही. तारखा लावून पाहिल्या की तो क्रम टिकत नाही. मी सँ-दोमिंगवर, म्हणजे कॅरिबियन बेटावरच्या फ्रेंच वसाहतीवर, आजच्या हैतीवर लिहितो, कारण तिथल्या माणसांवर दोनदा अन्याय झालाय, आधी मळ्यावर आणि मग पुस्तकांत.

"फ्रान्सने १७९४ साली वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली" हे वाक्य अजून छापलं जातं आणि मला ते दर वेळी खुपतं. मानवी हक्कांचा जाहीरनामा २६ ऑगस्ट १७८९ चा. त्यानंतर पॅरिसच्या सभेने गुलामगिरीला हातही लावला नाही. मे १७९१ मध्ये, ज्यांचे आईबाप दोघेही स्वतंत्र होते अशा मोजक्या मिश्रवंशीय आणि काळ्या लोकांना राजकीय हक्क दिले, तेही सप्टेंबरात काढून घेतले. मधल्या काळात, २२ ऑगस्टच्या रात्री, सँ-दोमिंगच्या उत्तरेच्या मैदानातले गुलाम उठले होते. १७९३ मध्ये फ्रान्सचं ब्रिटन आणि स्पेन दोघांशी युद्ध जुंपलं. बेटाच्या स्पॅनिश भागातून बंडखोरांना हत्यारं मिळायला लागली आणि फ्रेंच कमिशनर सोंतोनाक्स याच्याकडे भरवशाची फौज उरली नाही. २९ ऑगस्ट १७९३ ला त्याने उत्तर प्रांतात सगळ्यांना मुक्त जाहीर केलं. पॅरिसला विचारत बसायला वेळच नव्हता. मग वसाहतीचे तीन प्रतिनिधी निघाले, त्यांतले बेले हे एकेकाळी स्वतः गुलाम होते. ते ३ फेब्रुवारी १७९४ ला सभागृहात आले आणि दुसऱ्या दिवशी ठराव झाला. जाहीरनाम्यानंतर जवळजवळ साडेचार वर्षांनी पॅरिसने शिक्का मारला. गुलामगिरी मोडली ती मळ्यावरच्या माणसांनी.

उठाव ऊसपट्ट्यातच का पेटला, हे गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. तोडलेला ऊस दिवसभरात गाळला नाही तर उतारा घसरतो. म्हणून हंगामात चरक रात्रीही चालायचा आणि रस ओळीने मांडलेल्या, लहान-लहान होत जाणाऱ्या काहिलींतून आटवत पुढे न्यायचा. मोठ्या मळ्यावर दीड-दोनशे माणसं टोळ्या पाडून राबायची आणि टोळीवर मुकादम असायचा, तोही गुलामच. १४ ऑगस्टच्या रविवारी बेत ठरवायला जमले ते मुख्यतः असे मुकादम आणि गाडीवान. मुकादमाच्या शब्दावर टोळी चालायची, गाडीवानाला मळ्याबाहेर फिरता यायचं. उठलेल्यांनी ऊस तर जाळलाच, पण चरक आणि काहिलीही फोडल्या. जळालेल्या उसाचा खोडवा येतो. फुटलेली काहील युरोपातून जहाजाने आणावी लागायची. ज्यांनी हे केलं त्यांना 'भडकलेला जमाव' म्हणणं म्हणजे कारखाना न समजणं.

मग त्यांच्या डोक्यात काय होतं? इथेच इतिहासकारांनी खरं खोदकाम केलंय. गुलामांनी स्वतः लिहिलेले कागद फारच थोडे. म्हणून वसाहतीच्या वर्तमानपत्रात मालकांनी दिलेल्या 'पळाला आहे' छापाच्या जाहिराती वाचतात. नाव, वय, उंची, छातीवर डागलेली मालकाची अक्षरं, कोणत्या 'जातीचा' (काँगो, इबो वगैरे), कोणती भाषा येते, सगळं त्यात असतं. यात फसायलाही होतं. 'काँगो' हा शब्द बंदरावरच्या व्यापाऱ्याने चिकटवलेला, त्यात कितीतरी भाषांचे लोक कोंबलेले. दोन-चार दिवसांत परत आलेल्याची जाहिरात सहसा निघतच नाही. त्यामुळे जाहिराती मोजून पळणाऱ्यांची एकूण संख्या काढणं चूक. माणसं ओळखायला मात्र त्या सोन्यासारख्या.

त्यातून आणि आफ्रिकेच्या इतिहासातून दिसतं ते असं: सुमारे पाच लाख गुलामांपैकी निम्म्याहून अधिक आफ्रिकेत जन्मलेले होते आणि काँगोच्या यादवी युद्धांत बंदूक चालवलेले त्यांत बरेच असावेत. छोट्या तुकड्यांनी चाल करायची, पांगायचं, पुन्हा यायचं, हे ते पॅरिसकडून शिकले नव्हते. १७९१ च्या उठावाआधी अफवा काय फिरत होती? राजाने आठवड्याला तीन दिवस सुट्टी दिलीय आणि मालक ती दडपतायत. म्हणजे बंड राजाच्या नावाने! सगळं श्रेय मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला देणाऱ्यांकडे याचं उत्तर नसतं.

बाकीचं थोडक्यात. आज अनेक जण मांडतात की आधी साम्राज्यं खिळखिळी झाली आणि क्रांत्या त्यातून निघाल्या. अमेरिकेच्या युद्धावर फ्रान्सने कर्ज काढून खर्च केला, तेच कर्ज १७८९ ला अंगावर आलं. स्पॅनिश अमेरिकेत १८०८ ला नेपोलियनने स्पेनच्या राजाला अडकवल्यावर कारभार पाहणारी सुरुवातीची स्थानिक मंडळं राजाच्याच नावाने स्थापन झाली. स्वातंत्र्याची मागणी नंतरची. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्धचं पिंटोंचं बंड १७८७ चं, बास्तीलच्या दोन वर्षं आधीचं. एतद्देशीय पाद्री आणि शिपाई यांना वरच्या जागा नाकारल्या जात होत्या, हे त्याचं मूळ. ४७ जण पकडले, १५ जणांना देहदंड झाला.

एक गोष्ट कबूल करायला हवी. पॅरिसचा ठराव निरर्थक नव्हता. १८०२ मध्ये ग्वादेलूप या दुसऱ्या फ्रेंच बेटावर नेपोलियनच्या फौजेने गुलामगिरी परत आणली, ही खबर आल्यावर सँ-दोमिंगमध्ये फ्रेंचांच्या बाजूने लढणारे काळे सेनानीही फिरले, कारण काय जाणार आहे हे आता स्पष्ट होतं. आणि तूसँ लुव्हेर्त्यूरला, सँ-दोमिंगच्या सर्वांत मोठ्या काळ्या सेनानीला, देव करू नका. त्याने १८०० मध्ये लष्करी शिस्त लावून मुक्त माणसांना पुन्हा मळ्यांना जखडलं, कारण साखर-कॉफी विकल्याशिवाय बंदुका येत नव्हत्या.

उत्तर लिहाल तेव्हा १ जानेवारी १८०४ ला, हैतीच्या स्वातंत्र्याच्या घोषणेवर थांबू नका. १८२५ पर्यंत जा. त्या वर्षी फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सने १४ युद्धनौका पाठवून मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले, जुन्या मळेवाल्यांची भरपाई म्हणून. १८३८ मध्ये ते ९ कोटींवर आले. पहिला हप्ता भरायला हैतीला पॅरिसमधूनच कर्ज काढावं लागलं.