शिक्षकांच्या देहबोलीमुळे मुलांशी असलेल्या नात्यात खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थल या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली हार्वर्ड विद्यापीठातला एक अभ्यास प्रसिद्ध केला. शिकवतानाच्या दहा-दहा सेकंदांच्या चित्रफिती, आवाज बंद ठेवून, अनोळखी लोकांना दाखवल्या. या अनोळखी लोकांनी केलेलं शिक्षकांचं मूल्यमापन सत्राअखेरीस विद्यार्थ्यांनी केलेल्या मूल्यमापनाशी बरंचसं जुळलं!

मी नाशिकला, सातपूर भागात सातवीला गणित शिकवते. मुलगा वही घेऊन टेबलाशी येतो. हजेरीपटातून मान वर न काढता ‘हं, बोल’ म्हटलं, की तो ‘काही नाही बाई’ म्हणून परत फिरतो. पेन खाली ठेवून त्याच्याकडे वळलं, तरच अडलेलं गणित बाहेर येतं. शेवटच्या बाकापर्यंत जरूर जा, पण मागून वहीत डोकावू नका, मुलं लगेच हाताने वही झाकतात. बाजूला वाकून बघा.

हाताची घडी म्हणजे तुसडेपणा, हे मात्र मला पटत नाही. डिसेंबरात सकाळच्या शाळेला नाशिकची थंडी सोसून बघा, घडी आपोआप पडते. तसंच बोलणी खाताना मूल खाली बघत असेल, तर ‘माझ्याकडे बघ’ म्हणून ओरडू नका. आपल्याकडे तो बहुतेक वेळा धाकच असतो.