रसद येते, परत जाते ती रसद नव्हे

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘लढाई संपून सैन्य परत फिरतं तेव्हा एक तुकडी मागे राहून सामान सांभाळते. भाषांतरात मी “मागील रक्षक दल रसद सांभाळत माघारी आलं” असं लिहिलं. बरोबर आहे का?’

‘माघारी’ ठेवा. ‘माघार घेणं’ यात हार आहे, ‘माघारी येणं’ म्हणजे नुसतं परतणं. बाकी दोन्ही शब्द मात्र बदला.

सैन्याच्या पुढची ती बिनी, मागची ती चंदावल. मूळ तुर्की, फारसीतून आपल्याकडे आलेला शब्द. ‘बिनीचा शिलेदार’ आपण अजून म्हणतो, पण चंदावल हातातून सुटली, याचं मला खरंच वाईट वाटतं. ‘पिछाडी’ही चालेल. आजोबांच्या तांग्यामुळे तो शब्द ऐकला की मला आधी दोरी आठवते: घोड्याचे मागचे पाय खुंट्याला बांधायची ती पिछाडी, पुढची ती अगाडी. संध्याकाळी घोडा सोडला की आजोबा आधी पिछाडी आवळत, मग चारा टाकत.

आता रसद. रसद म्हणजे सैन्याला पोचणारं धान्य, वैरण. ती येते, तुटते, तोडली जाते. परत नेतात ती रसद नव्हे. दारूगोळाही जुन्या अर्थाने रसदीत बसत नाही. आपल्या वर्ध्याजवळच्या पुलगावच्या लष्करी डेपोला सगळे दारूगोळा भांडारच म्हणतात, रसद भांडार कोणी म्हणत नाही.

तळावरचं जड सामान आणि त्यासोबतची बिनलढाऊ माणसं, या सगळ्यांना मिळून शब्द आहे ‘बुणगे’. आज ‘बाजारबुणगे’ ही शिवी झाली, पण बुणगे कुठे ठेवायचे हा सेनापतीपुढचा मोठा प्रश्न असे. बुणगे मागे ठेवून निघालेली ती सडी फौज. ‘सडाफटिंग’मधला सडा तोच.

जानेवारी 1779 मध्ये इंग्रज तळेगावहून रात्री मागे फिरले. बरोबर हजारो बैलांवर लादलेलं सामान. जड तोफा त्यांनी तिथल्या तळ्यात ढकलल्या, साठा जाळला. चंदावलीला कॅप्टन हार्टले होता. त्याने मराठ्यांचे हल्ले थोपवले, तरी पुढे वडगावला तह करावाच लागला. नेता येत नाही ते शत्रूच्या हाती पडू नये म्हणून बुडवायचं किंवा जाळायचं, हेही सामान राखणंच.

तेव्हा तुमचं वाक्य असं करा: ‘चंदावल बुणगे आणि दारूगोळा राखत माघारी आली.’