वाळवंटात राहायला गेलं की चित्रकार होता येतं का?

प्रश्न : माझा मुलगा फाइन आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत मित्रांबरोबर जैसलमेरला जाऊन आला आणि तेव्हापासून कॉलेज सोडून तिकडेच राहायचं म्हणतो. जॉर्जिया ओकीफ या अमेरिकन चित्रकर्तीचं उदाहरण देतो. ती वाळवंटात गेली म्हणून मोठी झाली, असं त्याचं म्हणणं. मला चित्रकलेतलं काही कळत नाही. त्याला अडवू का? जाण्यासाठी पैसे मागतोय, ते देऊ का? – एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : नमस्कार. तुमच्या मुलाने नाव अगदी योग्य घेतलं आहे. भूप्रदेश चित्रकाराचं काम किती बदलू शकतो, हे समजून घ्यायला ओकीफ यांच्याइतकं ठळक उदाहरण मला दुसरं सापडत नाही. फक्त त्यांची गोष्ट त्याने मधूनच सुरू केली आहे.

ओकीफ यांचा जन्म १८८७चा. १९०५ साली त्या शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाल्या, १९०७ला न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीग या कलाशाळेत. पुढे पोटासाठी शिकागोत जाहिरातींची चित्रं काढली, मग टेक्सासमध्ये चित्रकला शिकवली. अमेरिकेतल्याच न्यू मेक्सिको राज्याच्या वाळवंटात कामासाठी म्हणून त्या पहिल्यांदा राहिल्या १९२९च्या उन्हाळ्यात. तेव्हा त्यांचं वय ४१ होतं आणि फुलांच्या मोठमोठ्या चित्रांमुळे न्यूयॉर्कमध्ये नाव झालेलं होतं. त्यानंतरही त्या लगेच तिकडच्या झाल्या नाहीत. बहुतेक उन्हाळे तिकडे, हिवाळे न्यूयॉर्कला, अशी वीस वर्षं ये-जा चालली. कायमच्या राहायला गेल्या त्या १९४९मध्ये. हे सगळं तुम्ही त्याला सांगाच.

पण तेवढं सांगून थांबू नका, कारण वाळवंटाने त्यांना खरोखर काहीतरी दिलं आणि मुलाला जे जाणवलं ते खोटं नाही. कोरड्या हवेत धुकं किंवा दमटपणा नसला की दूरचा डोंगरही कडा कापल्यासारखा स्पष्ट दिसतो. आपल्याकडे मुलांना शिकवतात, लांबचं फिकट आणि निळसर रंगवा. तिथे तो नियम डळमळतो. ओकीफ यांचं १९३७चं ‘फ्रॉम द फारअवे, निअरबाय’ हे चित्र त्याला नीट पाहायला सांगा. शिंगांचा मोठा पसारा असलेली कवटी जवळजवळ सगळं आकाश व्यापते आणि खाली डोंगरांची छोटीशी रांग. एकदम जवळचं आणि एकदम दूरचं, मधलं अंतरच काढून टाकलेलं. असं चित्र अशाच हवेत सुचू शकतं, असं मला मनापासून वाटतं.

रंगांचंही तसंच. न्यू मेक्सिकोत त्या जिथे राहायच्या, त्या घोस्ट रँचच्या आसपासच्या टेकड्या लाल, पिवळ्या, जांभळट आहेत. हा मुख्यतः मातीतल्या लोहाचा खेळ. तुमच्या मुलाच्या रंगपेटीतले यलो ओकर, लाइट रेड हेही मुळात लोहाचेच रंग. म्हणजे ओकीफ यांच्यासमोर पॅलेटच जमिनीवर पसरलेलं होतं. झाडाझुडपांचा आडोसा नसल्याने टेकडीची प्रत्येक घडी, पाण्याने कापलेली प्रत्येक घळ उघडी दिसते. आकार सोपा करायला त्या आधीच शिकल्या होत्या. इथे निसर्गच सोपा होऊन समोर आला. पुढे त्यांनी जनावरांच्या कमरेची हाडं आकाशासमोर धरली आणि हाडाच्या भोकातून दिसणारी निळाई रंगवली. फुलं मोठी करून रंगवणारीच ती नजर, विषय तेवढा वाळवंटाने पुरवलेला.

आणि कष्ट? ऊन टाळायला त्या मोटारीत बसून काम करायच्या. पुढची सीट उलटी फिरवायची आणि कॅनव्हास मागच्या सीटवर टेकवायचा. घोस्ट रँचला भाजीपाला पिकेना, म्हणून पाण्याचा हक्क असलेलं जवळच्या आबिक्यू गावातलं जुनं पडकं घर त्यांनी १९४५मध्ये घेतलं. त्या घराच्या अंगणातलं एक काळं दार त्यांनी कितीदा तरी रंगवलं. घोस्ट रँचहून समोर दिसणारा सपाट माथ्याचा पेडर्नाल डोंगरही तसाच, वर्षानुवर्षं.

माझ्या मते तुमच्या मुलाने त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट हीच आहे : एका जागी पुन्हा पुन्हा जाणं. चार दिवसांच्या सहलीत उंट आणि सूर्यास्त मिळतात, ते सगळ्यांनाच मिळतात.

तेव्हा पदवी पूर्ण होऊ द्या. मानवाकृती, रचना, रंग यांचा रोजचा सराव आणि चुका दाखवणारे शिक्षक एकट्याने राहून मिळत नाहीत. पुढे मास्टर्स करायचं ठरलं तर बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचा विचार करावा. तिथून कच्छ रेल्वेने एका रात्रीवर आहे. नोकरीची काळजी असेल तर ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) करून कलाशिक्षक होता येतं, पुस्तकांची चित्रं, ॲनिमेशनची पार्श्वचित्रं ही कामंही आहेत. ओकीफ यांनीही शाळेत शिकवलंच होतं.

पैशांबद्दल : द्या, पण कॉलेज सोडण्यासाठी नाही. हिवाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस राहता येईल एवढे द्या. मे महिन्यात तिकडे बाहेर बसून काम करणं धोक्याचं. शहरात न राहता एखाद्या गावात राहू द्या. तिथल्या एकाच टेकडीची सकाळी आणि दुपारी अशी दोन-दोन चित्रं रोज काढायला सांगा. कोरड्या हवेत जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर, पसरायच्या आत वाळतो, म्हणून ऑइल पेस्टल किंवा गुवाश (दाट, अपारदर्शक जलरंग) बरोबर असू द्यावं. परत आल्यावर सगळे कागद तारखेप्रमाणे मांडून तो त्याच्या शिक्षकांना दाखवू दे. शेवटच्या दिवसांची चित्रं पहिल्या दिवसांपेक्षा वेगळी दिसली, तर पुढच्या हिवाळ्याचेही पैसे बाजूला ठेवा.