सौम्य पात्राची काळी बाजू संगीतातून कशी कल्पावी?

आपल्या श्राव्यकथेतील परिचारिका कुणावरही आवाज चढवत नाही, सर्वांना क्षमा करते. तिच्यातही काही अंधारे असेल अशी कल्पना करून आपल्याला संगीत रचायचे आहे, परंतु जे सुचते ते भयकथेचे वाटते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अडचण अशी आहे की आपण तिच्यासाठी दुसरी सुरावट शोधत आहात. खर्जातला घुमणारा स्वर किंवा किंचाळणारी व्हायोलिने आली की श्रोत्याला कुणी तिसरेच खोलीत शिरल्यासारखे वाटते. काळी बाजू तिचीच वाटायला हवी असेल, तर ती तिच्या सौम्य सुरावटीतूनच, शक्यतो एकही स्वर न बदलता, बाहेर आली पाहिजे.

आपल्याकडे मूर्च्छनेचे तत्त्व, म्हणजे स्वर तेच ठेवून आधाराचा ‘सा’ बदलणे, यासाठी फार उपयोगी आहे. तिची सुरावट भूप रागात बांधली आहे असे धरू: सा, रे, ग, प, ध, सगळे स्वर शुद्ध. आता सुरावट आहे तशीच ठेवा आणि तानपुऱ्याचा षड्ज (सा) तेवढा मूळ गंधारावर (ग) न्या. त्याच पाच पट्ट्या आता सा, कोमल ग, म, कोमल ध आणि कोमल नि म्हणून ऐकू येतात, म्हणजे मालकंस रागाचे स्वर मिळतात. तिच्या सुरावटीचा शेवट ‘ग रे सा’ असा असेल, तर भूपात तो घरी पोचून विसावतो. नव्या षड्जावर मात्र तोच तुकडा ‘सा नि ध’ होतो, दोन्ही स्वर कोमल, आणि घरापासून दूर जाऊन कोमल धैवतावर (ध) लटकत राहतो. मालकंस हा स्वतः काही दुष्ट राग नव्हे, तो गंभीर आणि अतिशय सुंदर आहे. श्रोता अस्वस्थ होतो तो ओळखीच्या ओळीखालची जमीन सरकल्यामुळे. क्षमा करणारी पण काहीही न विसरणारी बाई मला अशीच ऐकू येते. तिचे शब्द तेच, हात तेवढेच हळुवार, पण ती कुठे उभी राहून बोलते आहे ते बदललेले.

हा बदल एकदम करू नये. मूळ षड्ज वाजत असतानाच त्याखाली गंधाराचा तानपुरा अगदी हलका सुरू करावा. षड्ज आणि गंधार एकत्र गोडच वाजतात, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. मग षड्ज हळूहळू काढून घ्यावा. त्याच वेळी गाणाऱ्या आवाजातील मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, कमी करून स्वर सरळ, कोरडे लावले, तर प्रेमळपणाचा फक्त आकार उरतो. लय मात्र वाढवू नका, कारण तिची शांतता ढळली की परिणाम गेलाच.

पाश्चात्त्य संगीतात याची दोन उदाहरणे अवश्य ऐकावीत. बर्लिओझच्या 1830 सालच्या ‘सिंफनी फँटास्टिक’मध्ये प्रेयसीची नाजूक सुरावट शेवटच्या भागात लहान, कर्कश क्लॅरिनेटवर उच्छृंखल नाच होऊन परत येते. लिस्टची 1857 साली प्रथम सादर झालेली ‘फाउस्ट सिंफनी’ मला याहून मोलाची वाटते. तिच्यातील सैतानाला स्वतःची अशी सुरावट जवळजवळ नाहीच; त्याच्याशी करार करणारा विद्वान फाउस्ट, त्याच्याच सुरावटी तो वेड्यावाकड्या करून वापरतो, आणि फाउस्टची निष्पाप प्रेयसी ग्रेटशेन हिच्या सुरावटीला मात्र त्याचा हात लागत नाही.

हे शेवटचे आपण जरूर घ्यावे. परिचारिकेच्या सुरावटीतील एखादा तुकडा, समजा ती आजारी मुलाजवळ बसलेली असताना गुणगुणते तो, मूळ षड्जावरच ठेवावा आणि त्याला कधीही हलवू नये, म्हणजे तिचा चांगुलपणा ढोंग ठरणार नाही. बाकीची सुरावट श्रोत्याला पाठ होईपर्यंत भूपातच वाजू द्या. षड्ज पहिल्यांदा बदलाल तो तिने काहीही वाईट न केलेल्या एखाद्या प्रसंगात, उदाहरणार्थ ती कुणाची तरी चादर नीट करीत असताना, आणि त्या वेळी निवेदकाला त्याबद्दल एक शब्दही बोलू देऊ नका.