लॉस एंजेलिस ते लास वेगास, भर जुलैत, वाळवंटातून गाडीने: वाटेत बघण्यासारखं काही आहे का?

तुम्ही विचारलंय की दोन दिवस हाताशी आहेत, मागच्या सीटवर दोन मुलं आहेत, आणि आय-१५ महामार्गाने चार-साडेचार तासांत वेगास गाठण्यापेक्षा वाटेत काही अतरंगी बघायचंय. आम्ही दोन वर्षांपूर्वी हेच केलं, तेही जुलैतच. उन्हाळ्यात निसर्ग बघायचा हट्ट सोडा. ४५ डिग्रीत दहा मिनिटांत बघून होतील अशीच ठिकाणं बरी, आणि या भागात ती भरपूर आहेत.

आम्ही आय-१० धरला. कॅबझोनला रस्त्याकडेला दोन अवाढव्य काँक्रीटचे डायनोसॉर आहेत. क्लॉड बेल नावाच्या शिल्पकाराने पहिला १९६४ मध्ये बांधायला घेतला, कारण शेजारी त्याचंच रेस्टॉरंट होतं आणि गिऱ्हाईक थांबवायचं होतं. मुलं खूश. पुढे इंडिओला खजुराचा शेक प्या. एक दोघांत पुरतो.

मग केवळ नावावर भाळून आम्ही बॉम्बे बीचला गेलो. गाव समुद्रसपाटीच्या तब्बल २२३ फूट खाली, सॉल्टन सीच्या काठावर. १९०५ मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी कालवा फोडून या खोलगट भागात शिरलं आणि हा 'समुद्र' तयार झाला. आता तो आटतोय, खारटपणा वाढतोय. गाडीचं दार उघडताच वास आला: बोंबील वाळत घातलेत आणि कोणीतरी ते विसरून गेलंय, असा. पायाखाली वाळू म्हणून जे कुरकुरत होतं ते जवळून पाहिलं तर शिंपल्यांचा चुरा आणि माशांची हाडं. किनाऱ्यावर कलाकारांनी मांडून ठेवलेल्या चित्रविचित्र वस्तू. बायको पाच मिनिटांत गाडीत जाऊन बसली. मला मात्र आख्ख्या ट्रिपमधली हीच जागा सगळ्यात जास्त आठवते. नाक नाजूक असेल तर गाळा.

मुक्काम ट्वेंटीनाइन पाम्सला केला. तिथे टाकी फुल करा, माणशी चार लिटर तरी पाणी घ्या आणि पहाटे निघा. अ‍ॅम्बॉयपर्यंत सुमारे पन्नास मैल जवळजवळ काहीच नाही, मोबाइलला रेंजही नाही. त्यात डॅशबोर्डवर ठेवलेला माझा फोन तापून बंद पडला, नकाशासकट. तेव्हा कागदी नकाशा ठेवाच आणि फोन एसीच्या झोतासमोर लावा. अ‍ॅम्बॉय म्हणजे रूट ६६ या जुन्या महामार्गावरचं ओसाड गाव. २००५ मध्ये चिकनच्या रेस्टॉरंटांची साखळी चालवणाऱ्या एका गृहस्थाने ते अख्खं विकत घेतलं. तिथल्या 'रॉइज' या मोटेल-कॅफेची ती प्रचंड पाटी १९५९ ची. फोटो काढा, थंड सोडा घ्या, निघा.

तिथून केल्बेकर रोडने बेकरला या. (निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते बघून घ्या, पावसाळी वादळाने हे रस्ते वाहून जातात.) बेकरला १३४ फुटी थर्मामीटर आहे. १० जुलै १९१३ ला डेथ व्हॅलीत १३४ फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सिअस नोंदलं गेलं, म्हणून डिग्रीला एक फूट. आम्ही गेलो तेव्हा ११३ दाखवत होता आणि धाकटा हिरमुसला, त्याला विक्रम मोडायला हवा होता. खुद्द डेथ व्हॅली याच दोन दिवसांत कोंबू नका, ती हिवाळ्यात करा.

बेकर सोडलं की वेगासच्या दिशेने लांबलचक चढ लागतो आणि इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा, अशा पाट्या दिसतात. गंमत समजून सोडू नका. आमचा काटा वर सरकायला लागला तेव्हा एसी बंद केलाच, शिवाय हीटर पूर्ण चालू केला. त्याने इंजिनची उष्णता बाहेर पडते. मुलांनी जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण काटा खाली आला.