‘इग्झल्ट’ : आनंदाची उडी

‘इग्झल्ट’ या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय, आणि ते ‘इग्झॉल्ट’चेच वेगळे रूप आहे का, असा प्रश्न आला आहे. ही दोन क्रियापदे वेगळी आहेत. लेखनात दोहोंमध्ये एकाच स्वराचा फरक असला, तरी ‘इग्झॉल्ट’ म्हणजे उंचावणे, थोरवी गाणे. त्याच्या मुळाशी ‘उंच’ या अर्थाचा लॅटिन ‘आल्तुस’ आहे, जो ‘अल्टिट्यूड’मध्येही आढळतो.

‘इग्झल्ट’च्या मुळाशी मात्र उडी आहे. लॅटिनमध्ये ‘सालीरे’ म्हणजे उडी मारणे. त्याला ‘बाहेर, वर’ सुचवणारा ‘एक्स’ जोडून ‘एक्सुल्तारे’, म्हणजे पुन्हा पुन्हा उसळणे, हे क्रियापद झाले. सोळाव्या शतकात ते इंग्रजीत आले, तेव्हा प्रत्यक्ष उडी मारण्यासाठीही वापरले जाई. पुढे हा अर्थ मागे पडून मनाचे उसळणे तेवढे उरले. बायबलमधील ११४व्या स्तोत्रात पर्वत एडक्यांसारखे उड्या मारतात, तिथे लॅटिन भाषांतरात हेच क्रियापद आहे. ईस्टरच्या पूर्वरात्री मोठी मेणबत्ती पेटवल्यावर कॅथलिक चर्चमध्ये जी घोषणा गायली जाते, तिचे ‘एक्सुल्तेत’ हे नावही तिच्या पहिल्याच शब्दावरून पडले आहे. ‘इन्सल्ट’ (अंगावर उडी घेणे) आणि ‘रिझल्ट’ (उसळून परत येणे) हीदेखील त्याच कुळातली, हे सहसा ध्यानात येत नाही.

वापरताना पुढे येणाऱ्या शब्दयोगी शब्दाकडे लक्ष द्यावे. ‘इन’ किंवा ‘अॅट’ आल्यास एखाद्या गोष्टीचा निर्भेळ हर्ष कळतो; ‘ओव्हर’ आल्यास बहुधा हरलेल्यासमोर मिरवलेला विजय सूचित होतो.

मराठीत केवळ ‘आनंदणे’ म्हटल्याने यातली उसळी हरवते. ‘हुरळून जाणे’ अनेकांना सुचेल, पण ते मी टाळतो, कारण ‘हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी’ या म्हणीतला भाबडेपणा त्याला कायमचा चिकटला आहे आणि इंग्रजी शब्दात तो नाही. गर्दीसाठी ‘जल्लोष करणे’ चपखल बसते. एकट्या माणसासाठी मला ‘उसळणे’ सर्वांत जवळचे वाटते, कारण संस्कृत ‘उच्छल्’पासून आलेल्या या क्रियापदातही वर झेपावणेच आहे. ‘निकाल कळताच तिचे मन हर्षाने उसळले’ असे लिहिले, की लॅटिनमधली ती उडी मराठीतही दिसते.