‘सॉरी म्हटलं की सुटला, असंच ना?’

‘ताई, माफी मागायची आणि घरी जायचं, एवढंच ना? मग उद्या परत करेल तो.’

बाल न्याय मंडळाकडून, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं ऐकणाऱ्या मंडळाकडून, आलेल्या काही प्रकरणांत मी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं काम करते. ज्याचं नुकसान झालंय तो माणूस पहिल्या भेटीत हमखास हे विचारतो. प्रश्न रास्त आहे. मुलांचे आईवडीलही वेगळ्या शब्दांत तेच विचारतात, ‘सॉरी म्हणाला की केस मिटेल ना?’ दोघांनाही मी एक जुनं प्रकरण सांगते. मुलाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे, म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पुण्यातली एक वस्ती. पोळीभाजीचे डबे देणारी बाई, रस्त्याकडेला टेबल मांडून बसणारी. दुपारी एक सोळा वर्षांचा मुलगा आला आणि त्याने पाणी मागितलं. ती आत तांब्या भरायला गेली. बाहेर आली तेव्हा टेबलावरचा मोबाइल नव्हता आणि मुलगाही नव्हता. चार दिवसांनी मुलगा सापडला. मोबाइल त्याने अडीच हजाराला विकला होता, तो काही परत मिळाला नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा या डबेवाल्या ताई कणीक मळत होत्या. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं की कायदा हा गुन्हा किरकोळ मानतो. ते खरंच आहे. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे तो 2015 च्या बाल न्याय कायद्यात किरकोळ प्रकारात मोडतो. त्यांचे हात थांबले.

‘किरकोळ? माझ्या तेवीस गिऱ्हाइकांचे नंबर त्यात होते. कुणाकडे किती बाकी, सगळं त्यात. आणि आता कुणी पाणी मागितलं तरी मी उठत नाही. हे किरकोळ?’

तो शब्द मी पुन्हा त्यांच्यासमोर वापरला नाही. पण त्या बोलण्यातच पुढच्या सगळ्या कामाची दिशा होती. कायद्याचं पुस्तक मोबाइल मोजतं. तेवीस गिऱ्हाइकं आणि तो तांब्या कोण मोजणार?

मुलाबरोबर मात्र माझी चूक झाली. तो नववीतून शाळा सोडलेला, मामाच्या फुलांच्या दुकानात बसणारा, सतत खाली बघणारा. त्याला बोलता येईना म्हणून मीच त्याला काय म्हणायचं ते सांगून टाकलं. तिसऱ्या भेटीत त्याने ‘काकू, माझी चूक झाली, मला माफ करा’ असं पाढ्यासारखं म्हणून दाखवलं आणि ‘बरोबर?’ म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी बैठक पुढे ढकलली. त्या दिवशी ती घेतली असती तर ताईंचा संशय मीच खरा केला असता.

मग आम्ही पुन्हा साध्या प्रश्नांपासून सुरुवात केली. काय झालं? तेव्हा डोक्यात काय होतं? कुणाला काय सोसावं लागलं? तिसऱ्या प्रश्नावर तो म्हणायचा, ‘मोबाइल गेला त्यांचा.’ त्यापुढे गाडी जाईना. समन्वयाचं सगळं काम या आधीच्या भेटींतच असतं. मुलाने गुन्हा मनापासून कबूल केलेला नसेल तर बैठक घ्यायची नाही. समोरच्याची इच्छा नसेल तरीही नाही, आणि मंडळाची तारीख जवळ आली म्हणून तर मुळीच नाही.

शेवटी बसलो तेव्हा गोल मांडलेल्या सहा खुर्च्या होत्या, मध्ये टेबल नाही. ताईंबरोबर बचत गटातली मैत्रीण, मुलाबरोबर आई आणि मामा, आणि मी. एक लाकडी भोवरा हातोहात फिरतो. तो ज्याच्या हातात असेल त्यानेच बोलायचं. ताईंनी भोवरा घेतला आणि त्या मुलाकडे बघून म्हणाल्या, ‘तू पाणी मागितलंस ना?’

एवढंच बोलून त्यांनी भोवरा थेट त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ आरीवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘तहान नव्हती लागली.’ त्याची आई तिथेच रडायला लागली. मी शिकवलेलं एकही वाक्य तो बोलला नाही.

भरपाई किती, हे ताईंनीच ठरवलं. मोबाइल दोन वर्षं वापरलेला, म्हणून सहा हजार. दर शनिवारी तीनशे, वीस आठवडे, मामाकडच्या त्याच्या मजुरीतून. आईने एकरकमी द्यायची तयारी दाखवली, ताईंनी नको म्हटलं. दुसरी अट मला सुचलीच नसती. नव्या नंबरच्या चिठ्ठ्या घेऊन त्याने आसपासच्या सोसायट्यांत फिरायचं आणि तुटलेली गिऱ्हाइकं जोडून द्यायची. तीन रविवार तो फिरला. एका वॉचमनने हाकललं, तर संध्याकाळी परत गेला. सतरा गिऱ्हाइकं परत आली.

हे लिहून मंडळापुढे ठेवलं, मुलाच्या घरची परिस्थिती पाहून मंडळाला कळवणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या अहवालासोबत. अंतिम निर्णय मंडळाचाच असतो. समज देणं, गट समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली घरी सोडणं, असे मार्ग कायद्याने त्याला दिलेत. आईला काळजी होती ती पुढच्या नोकरीची. तिला मी सांगितलं की अशा प्रकरणात दोष सिद्ध झाला तरी तो मुलाच्या अंगाला अपात्रता म्हणून चिकटत नाही, कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे.

नवव्या शनिवारी ताईंचा फोन आला. ‘मॅडम, पोरगा आला नाही.’ मला वाटलं, झालं. पुढे त्या म्हणाल्या, ‘पैशाचं जाऊ दे, घरी काही झालंय का बघा.’ त्याला ताप होता. पुढच्या शनिवारी त्याने सहाशे दिले. ताईंनी वहीत दोन ओळी वेगवेगळ्या लिहिल्या आणि दोन्हींपुढे त्याची सही घेतली.

माफ केलं, असं त्या आजवर म्हणालेल्या नाहीत. मीही विचारलेलं नाही.